पुण्यातली ‘स्वच्छ’ची दारोदार कचरासेवा : बादलीच्या दोन्ही बाजूंनी

पुण्यात नवं बिऱ्हाड थाटलेले लोक ‘स्वच्छ’च्या, म्हणजे घरोघरी येऊन कचरा नेणाऱ्या कचरावेचकांच्या संस्थेच्या सेवेबद्दल तीन गोष्टी विचारतात : किती वाजता येतात, महिन्याचे किती घेतात आणि आल्या नाहीत तर सांगायचं कोणाला. तिन्हींबद्दल पुढे येईल. पण ही सेवा आपल्या दारात चांगली चालेल की रडतखडत, ते या तीन उत्तरांवर ठरत नाही. बादली देणारा एक हात असतो आणि ती रिकामी करणारा दुसरा. पहिल्या हाताने आत काय आणि कसं टाकलं, यावर दुसऱ्या हाताची अख्खी सकाळ अवलंबून असते. म्हणून या परीक्षणात सेवा देणाऱ्यांइतकीच सेवा घेणाऱ्यांचीही तपासणी आहे.

निकाल आधीच सांगते. महिन्याला जे शुल्क मोजावं लागतं त्या मानाने ही सेवा फार चांगली आहे. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही घरपोच सेवेत इतक्या कमी पैशांत इतकं अंगमेहनतीचं आणि इतकं डोक्याचं काम होत नाही. डोक्याचं म्हणण्याचं कारण वर्गीकरण. ते लांबून दिसतं तितकं सोपं नसतं.

संस्था नेमकी काय आहे, हे माहीत असलं की बाकीचं पटकन समजतं. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची संघटना उभी राहिली, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. हमाल पंचायतीचे बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. नाव मुद्दाम असं ठेवलं होतं, कारण कागद, काच, पत्रा ही कचरा वेचणाऱ्या बायकांच्या रोजच्या कमाईची नावं. त्या आधी उकिरड्यांवर, रस्त्यावरच्या कुंड्यांतून माल वेचत. अनेकींची कुटुंबं १९७२च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली, बहुतेक जणी दलित समाजातल्या. पुढे २००७मध्ये याच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८मध्ये पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. आज सभासद साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. त्या कोणाच्या नोकर नाहीत. संस्था त्यांची स्वतःची आहे, त्या भागधारक आहेत. दारात येणाऱ्या बाईशी बोलताना ही एक गोष्ट डोक्यात असली तरी आवाजाची पट्टी आपोआप बदलते.

त्यांची कमाई दोन ठिकाणांहून येते. घराघरातून मिळणारं मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या मालाची विक्री. वस्तीत शुल्क कमी असतं आणि दुकानं-कार्यालयांचा दर वेगळा. दर पालिकेबरोबरच्या कराराप्रमाणे ठरतो आणि वेळोवेळी बदलतो, त्यामुळे चालू आकडा संस्थेच्या समन्वयकाला किंवा आपल्या भागातल्या आरोग्य कोठीवर, म्हणजे पालिकेच्या सफाई खात्याच्या स्थानिक ठाण्यावर, विचारून घ्यावा. इथे महत्त्वाचा मुद्दा दुसरा आहे. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा हे विकून आलेले पैसे थेट त्या बाईचे असतात. म्हणजे वर्तमानपत्रावर आमटी सांडून ते बादलीत टाकलं की तिचा नुसता हात घाण होत नाही, त्या दिवसाची मजुरीही घटते. भिजलेली रद्दी भंगारवाला घेत नाही, घेतलीच तर पडेल भावाने. आदर दाखवण्याचा सगळ्यात ठोस मार्ग तिथून सुरू होतो : तिचा माल नासवायचा नाही.

दिवसाचं गणित असं असतं. साधारण दोघी मिळून दोनशे ते तीनशे घरं सांभाळतात. चार माणसांच्या घरातून रोज किलो-दीड किलो कचरा निघतो. किलोच धरला तरी दोनशे घरांचे दोनशे किलो झाले. हे वजन जिन्यावरून खाली येतं, ढकलगाडीवर चढतं, इमारतीच्या एखाद्या कोपऱ्यात किंवा रस्त्याच्या कडेला निवडलं जातं आणि मग ओला व उरलेला कचरा फीडर पॉइंटवर, म्हणजे पालिकेची गाडी जिथे थांबते तिथे, पोहोचवला जातो. गाडीची वेळ ठरलेली असते. ती चुकली तर दोनशे किलोची ढकलगाडी घेऊन पुढच्या पॉइंटपर्यंत जावं लागतं. म्हणून बेल वाजल्यावर ‘थांबा हं, देते’ म्हणून आत जाऊन पाच मिनिटं फोनवर बोलणं महाग पडतं. पन्नास घरांनी प्रत्येकी दोनच मिनिटं थांबवलं तरी शंभर मिनिटं गेली. बादल्या सकाळीच दाराबाहेर झाकण लावून ठेवाव्यात. कुत्र्या-मांजरांची भीती असेल तर झाकणावर वीट ठेवावी किंवा बादली जिन्याच्या कठड्याला अडकवावी.

आता बादलीकडे वळू.

ओल्या कचऱ्याची बादली पिशवीविना हवी. प्लॅस्टिकची पिशवी लावून त्यात ओला कचरा भरून गाठ मारली, तर ती गाठ कोणाला तरी हाताने सोडावी लागते, नाहीतर फाडावी लागते, आणि आतला दोन दिवसांचा आंबलेला रस मनगटापर्यंत येतो. तळाला वर्तमानपत्राचा एक कागद दुमडून घाला, तेवढं पुरतं. पाणी निथळून टाका. उरलेला रस्सा, ताक, डाळ मोरीत गाळणीतून ओता आणि फक्त चोथा बादलीत टाका. चहाचा चोथा पिळून टाका. हे सांगायचं कारण वजन आहे. वीस लिटरच्या बादलीत निथळलेला ओला कचरा दहा-बारा किलो भरतो. त्यात पाणी साचलं तर बादली जड तर होतेच, शिवाय उतरताना हिंदकळून अंगावर येते. नारळाच्या करवंट्या आणि शहाळी वेगळी द्या. ती खतात लवकर कुजत नाहीत आणि बादलीत अडकून बसली की बाकीचं खाली पडत नाही, मग आत हात घालून खेचावं लागतं. मासळीचा किंवा मटणाचा उरलेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळून द्या. तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला आणि सकाळी बाहेर काढला तर वासाचा प्रश्नच येत नाही.

ओल्यात चुकून जाणाऱ्या वस्तूंमध्ये चमचे-वाट्या आघाडीवर, त्यांच्या मागोमाग भाजीच्या जुडीचे रबर, सॅशेचे कोपरे, कणसांबरोबर येणाऱ्या पिशव्या आणि टूथपिक. टूथपिक दिसते क्षुल्लक, पण ओल्या कचऱ्यात बोटाला टोचणारी हीच असते, आणि तसं टोचलेलं बोट पिकतं.

सुक्या कचऱ्याचा एकच नियम धरला तरी बरंचसं काम होतं : कोरडं द्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, जोडलेला ठेवा. तुटलेला तो त्रिकोण वेचता येत नाही, गटारात जातो. पिशवी घोटभर पाण्याने विसळा, ते पाणी चहात किंवा कुंडीत टाका, पिशवी उलटी करून ओट्याच्या नळाला लटकवा. संध्याकाळपर्यंत वाळते. अशा विसळलेल्या पिशव्या आठवडाभर साठवून एकत्र दिल्या की त्यांना भाव येतो. न विसळलेल्या पिशव्यांना दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, तिसऱ्या दिवशी किडे होतात, आणि पोत्यातला बाकीचा चांगला मालही त्या बिघडवतात. दही-श्रीखंडाचे डबे, तेलाच्या पिशव्या, सॉसच्या बाटल्या यांनाही तेच लागू. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून, चेपून, बूच लावून द्या. पुठ्ठ्याची खोकी उघडून सपाट करा, ढकलगाडीवर जागा मिळते. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून वेगळा टाका, झाकण कोरडं असेल तर ते पुठ्ठ्यात जातं.

वेफरची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, गुंडाळीच्या पातळ फिल्म, टूथपेस्टच्या ट्यूब यांना भंगारात जवळपास काही मिळत नाही. तरी त्या बायका ते उचलतात, वाहतात, वेगळं काढतात. ‘सगळं प्लॅस्टिक विकून पैसे करतात की’ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एका पोत्यातलं विकण्याजोगं आणि न विकण्याजोगं शेजारी शेजारी ठेवलेलं पाहावं.

हातमोज्यांबद्दल एक समज सगळीकडे आहे, की हातमोजे दिले की काम झालं. कापडी मोजे ओल्यात भिजून जड होतात. रबरी मोज्यांत उन्हाळ्यात हात घामाने गळतो, पावसात पकड सुटते. शिवाय प्लॅस्टिकची जात बोटांना कळते. कोणतं चुरगळल्यावर आवाज करतं, कोणतं मऊ, कोणतं कडक, हे हाताने आणि कानाने ओळखून दोन सेकंदांत वेगवेगळ्या पोत्यात टाकलं जातं. मोज्यांनी तो वेग जातो. म्हणून मोजे जरूर द्या, पण ते दिले म्हणून आपली बादली कशीही भरायला मोकळीक मिळाली असं समजू नका. मोज्याच्या आत जाणारी काच मोजा थांबवत नाही.

सगळ्यात जास्त लिहायला हवं ते सॅनिटरी पॅड आणि डायपरबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकतं आणि लाजेपायी कोणी बोलत नाही. सवय अशी असते की पॅड काळ्या पिशवीत घालून गाठ मारायची आणि सुक्यात टाकायचं, कोणाला दिसायला नको. बाहेरून त्या पिशवीत काय आहे ते कळत नाही. काळ्या पिशवीत कधी बाटल्या असतात, कधी रद्दी, म्हणून ती उघडावीच लागते. जे आपल्या घरातल्या माणसाच्या नजरेला पडू नये म्हणून झाकलं, ते एका परक्या बाईच्या उघड्या हातात जातं. २०१३मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी वापरलेल्या पॅडची पोती भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवली होती. २०१६च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांना पॅडबरोबर गुंडाळायचं पाकीट द्यायला सांगितलं आणि घरांनाही नीट गुंडाळूनच टाकायला सांगितलं. तरी सगळ्या पाकिटांत ते वेष्टन मिळतंच असं नाही, आणि मिळालं तरी त्याचा उपयोग काय हे घरात कोणी सांगत नाही.

‘स्वच्छ’ यावर सांगते तो उपाय म्हणजे लाल ठिपका. वापरलेलं पॅड आतली बाजू आत ठेवून गुंडाळी करा. वर्तमानपत्राचं अर्धं पान घ्या, मध्ये गुंडाळी ठेवा, दोन्ही कडा आत दुमडून पुन्हा गुंडाळा, म्हणजे दोन थर होतात. दोऱ्याने बांधा किंवा चिकटपट्टी लावा. वर लाल स्केचपेनने रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका काढा आणि पुडकं ओल्या-सुक्याशिवाय तिसरं म्हणून वेगळं हातात द्या. एवढंच. पेन न्हाणीघरातच एका खिळ्याला दोरीने बांधून ठेवलं की विसर पडत नाही. पुडक्यावर ठिपका दिसला की ते उघडायचं नाही, हे वेचणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. डायपरचं काम थोडं वाढतं : आतली शी आधी संडासात झटकायची, मग चिकटपट्ट्यांनी घट्ट गोळा करायचा, मग कागद आणि ठिपका. ओल्या डायपरला कागदाचे दोन थर पुरत नाहीत, तीन घ्या. घरात आजारी वडीलधाऱ्यांचे मोठे डायपर निघत असतील तर मोजून सांगा, ‘आज चार आहेत’. वजन बरंच असतं, त्या वेगळी पिशवी आणतात. बँडेज, जखमेचा कापूस, वापरलेले मास्क याच तिसऱ्या पुडक्यात. संस्थेकडे यासाठी जुन्या वर्तमानपत्राच्या तयार पिशव्याही मिळतात. विकत घेतल्या तर तेवढाच हातभार, नाहीतर घरची रद्दी आहेच.

एका गोष्टीचा आग्रह धरावासा वाटतो : घरातल्या पुरुषांनीही ही घडी शिकून घ्यावी. बादली काही घरांत सकाळी तेच दाराबाहेर ठेवतात.

काच आणि धारदार वस्तू यांत चूक एकदाच होते, पण टाके पडतात. फुटलेला पेला वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात घाला, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा. सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, म्हणून देताना तोंडानेही सांगा. दाढीची ब्लेड जुन्या पत्र्याच्या डबीत साठवा, झाकणाला फट पाडा, डबी भरली की टेपने बंद करून द्या. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई आरपार येते. फिनेलची किंवा डिटर्जंटची बाटली घ्या. तीन चतुर्थांश भरली की बूच घट्ट लावून वेगळी द्या आणि काय आहे ते सांगा. दवाखाना घेत असेल तर तिथेच दिलेली सगळ्यात बरी. ट्यूबलाइट, सीएफएल, बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं आणि झुरळाच्या औषधाची बाटली सुक्यात मिसळू नका, वेगळी ठेवा. उंदराचं औषध लावलेली भाकरी ओल्यात कधीच नको. ती उकिरड्यावरच्या कुत्र्याच्या, गाईच्या पोटात जाते.

इथपर्यंत घराचा भाग झाला. आता इमारतीचा, आणि इथे बऱ्याच सोसायट्या नापास होतात.

लिफ्टचा प्रश्न सगळ्यात आधी येतो. ‘कचऱ्यासाठी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी लावलेल्या सात मजली इमारतीत ओल्या कचऱ्याच्या बादल्या जिन्याने उतरवायला लावणं म्हणजे काय, हे वर दिलेल्या वजनावरून कळेल. सांडण्याची भीती खरी आहे, तिच्यावर इलाजही साधा आहे : झाकणाच्या बादल्या, लिफ्टच्या तळाला रबरी मॅट आणि सकाळची ठरावीक वीस-पंचवीस मिनिटं. सामान चढवायची वेगळी लिफ्ट असेल तर वादच मिटतो. पाटी ‘कचऱ्यासाठी’ म्हणते, पण अडवलं जातं माणसाला. कामावर येताना मोकळ्या हाताने असलेल्या बाईलाही वॉचमन जिना दाखवतो, तेव्हा तो कचरा अडवत नसतो. ही जुनी शिवाशीव आहे, फक्त लिफ्टच्या दारात उभी. सोसायटीच्या सभेत हे याच शब्दांत मांडावं.

त्यानंतर संडास आणि पाणी. पहाटे घरातून निघालेल्या बाईला दुपारपर्यंत लघवीला जायला जागा नसेल तर ती पाणीच कमी पिते. उन्हाळ्यात त्याचे परिणाम काय होतात ते सांगायला डॉक्टर नको. बहुतेक सोसायट्यांत वॉचमनचा किंवा ड्रायव्हरचा संडास असतो. त्याची किल्ली तिच्यासाठी खुली आहे हे वॉचमनला कमिटीने स्पष्ट सांगावं, आत कडी आणि बादली-मग आहे का ते पाहावं. निवडायच्या जागेवर छप्पर, एक नळ, एक साबणाची वडी आणि सिमेंटचा उतार हवा. आठ बाय दहा फूट पुरतात. पावसाळ्यात छप्पर नसेल तर सकाळभर वेगळी केलेली रद्दी दहा मिनिटांत लगदा होते. प्यायच्या पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला असेल तर तो काढून टाका आणि घरात सगळे पितात त्याच पेल्याने द्या.

संबोधनाबद्दल फार लांबण लावायची गरज नाही. नाव विचारा आणि नावाला ताई किंवा मावशी जोडा, पुरुष असेल तर दादा किंवा भाऊ. ‘अहो शोभाताई’ म्हणायला ‘ए कचरेवाली’पेक्षा जास्त श्वास लागत नाही. मुलं आईबापांचंच ऐकून बोलतात, त्यामुळे घरात तिचा उल्लेख कसा होतो तेही तपासावं. बादली पायाने पुढे सरकवू नका, लांबून भिरकावू नका. शिळं अन्न देण्याबद्दल : जे आपण आज पाहुण्याला वाढलं असतं ते, ‘नेता का?’ असं विचारून, स्वच्छ डब्यात द्यावं. जे आपण खाणार नाही त्याची जागा ओल्या कचऱ्यात. ते तिच्या हातात ठेवून उपकार केल्यासारखं करू नये.

तक्रार असेल तर ती कशी करावी यालाही रीत आहे. एखाद्या दिवशी मजला राहिला, सांडलं, उशीर झाला, तर आधी तिलाच सांगावं, शांतपणे. बहुतेक वेळा कारण दोन वाक्यांत कळतं : जोडीदारीण आजारी, गाडी आली नाही, बदलीवर आलेल्या बाईला घरं माहीत नव्हती. पुन्हा पुन्हा होत असेल तर भागाच्या समन्वयकाला फोन करावा. नंबर ती स्वतः देते, आरोग्य कोठीवरही मिळतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा, तिच्या ढकलगाडीचा फोटो टाकून खाली वीस जणांनी मतं लिहायची ही पद्धत फार वाईट. ती त्या ग्रुपवर नसते, उत्तर देऊ शकत नाही, आणि ऑफिसमध्ये आपल्याबद्दल कोणी असं केलं तर आपण एचआरकडे जाऊ.

शुल्काचं एक पथ्य आहे. ते बक्षीस नसून मजुरी आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात न मागता द्यावं आणि पावती घ्यावी. ‘सुटे नाहीत’, ‘उद्या या’, ‘साहेब घरी नाहीत’ या तीन उत्तरांनी एका घराच्या शुल्कासाठी तीन चकरा होतात, त्याही काम संपल्यावर, दुपारच्या उन्हात. सगळ्यात चांगली व्यवस्था म्हणजे सोसायटीने देखभाल खर्चातून एकरकमी देणं. मग कोणा एकाने दिले नाहीत म्हणून तिची तूट होत नाही आणि प्रत्येक दारात पैसे मागायचा अवघड प्रसंगही टळतो. ‘आम्ही पंधरा दिवस नव्हतो, निम्मे घ्या’ हे म्हणणं योग्य नाही. त्या पंधरा दिवसांतही तिने आपला मजला गाठलेला असतो. दिवाळीला महिन्याच्या शुल्काएवढी रक्कम पाकिटात घालून द्यावी, साडी दिलीत तरी पाकीट वेगळं.

सणावारात कामाचा डोंगर होतो हे लक्षात घ्यावं. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळं घर एकदम माळा रिकामा करतं. जुनी गादी, तुटलेली खुर्ची, चपलांचा ढीग रोजच्या बादलीबरोबर देऊ नये, ढकलगाडी अडते. जुन्या सामानासाठी संस्थेचा वेगळा संकलनाचा उपक्रम असतो, त्यांना आधी कळवावं, कपडे आणि चपला धुऊन, जोडी बांधून द्याव्यात. गणपतीत निर्माल्य वेगळ्या टोपलीत, त्यातली दोऱ्याची, जरीची, थर्माकोलची सजावट काढून. मोठं जेवण असेल तर द्रोण-पत्रावळी कशाच्या आणणार ते आधी ठरवा. पानाच्या असतील तर अन्नासकट ओल्यात जातात, चंदेरी थराच्या असतील तर खरकटं झटकत बसायचं काम कोणाच्या तरी माथी येतं.

कार्यालयांनीही ही सेवा घेतलेली असते आणि तिथलं चित्र घरापेक्षा वेगळं असतं. घरात कचऱ्याला मालक असतो, ऑफिसात नसतो. प्रत्येक टेबलाखाली एक डबा ठेवला की त्यात चहाचा अर्धा कप, केळ्याची साल आणि छापलेले कागद एकत्र होतात आणि सगळा कागद वाया जातो. टेबलाखालचे डबे काढून टाका. मजल्यावर दोन ठिकाणी तीन-तीन डबे ठेवा : कोरडा कागद, बाकीचं सुकं, ओलं. पँट्रीत कप टाकायच्या डब्याशेजारी उरलेला चहा ओतायला गाळणी लावलेलं छोटं पिंप ठेवा आणि कप एकात एक रचायला उभी नळी. यासाठी खर्च जवळपास नाही, पण हाउसकीपिंगच्या माणसाचा रोजचा अर्धा तास वाचतो. बायकांच्या स्वच्छतागृहात पायाने उघडणारा झाकणाचा डबा, शेजारी कागदाच्या पिशव्या आणि लाल पेन ठेवा. मीटिंग संपल्यावर आपला कप, आपली बाटली आपणच उचलायची, हे साहेबाने पहिल्यांदा केलं की तिसऱ्या दिवशी सगळे करतात.

सेवेच्या उणिवाही सांगायला हव्यात. वेळ घड्याळाच्या काट्यावर नसते, तासभर पुढे-मागे होतं. नेहमीची बाई रजेवर गेली की बदली येतेच असं नाही. पालिकेबरोबरचा करार संपून मुदतवाढीवर काम चालण्याची वेळ एकापेक्षा जास्त वेळा आली आहे, आणि अशा काळात आपलं काम राहील की जाईल या चिंतेत या बायका असतात. दारात निगुतीने वेगळा केलेला कचरा कुठे गाडीत पुन्हा एकत्र झालेला दिसला की लोकांचं मन उडतं. तसं दिसलं तर गाडीचा नंबर आणि वेळ टिपून पालिकेकडे तक्रार करावी. त्यावरून दारातली बाई दोषी ठरत नाही, गाडी तिची नसते.

पाचपैकी सेवेला साडेचार. अर्धा कापला तो बदलीच्या घोळामुळे.

आणि गावाला जाणार असाल तर आदल्या दिवशी ओली बादली धुऊन पालथी घाला आणि ‘अमुक तारखेपर्यंत नाही’ असं तिला सांगून जा. नाहीतर बंद दाराची बेल वाजवायला ती रोज चौथा मजला चढत राहते.